पैसे घेतलेत, तर तसं सांगा की ओ!

प्रति,
मा. सचिव, माहिती व प्रसारण मंत्रालय, नवी दिल्ली
मा. मुख्य आयुक्त, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली
प्रत : मा. जिल्हाधिकारी, बेळगाव

विषय : रेडिओवर पैसे घेऊन वाजवली जाणारी गाणी, पैसे घेऊन होणारे ‘सल्ल्याचे’ कार्यक्रम, आणि श्रोत्याला त्याचा पत्ता लागू न देणं

महोदय,
स. न. वि. वि.

बेळगावात खासबागेत आमचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. चार मशिनी, चौघी बायका आणि कपाटावर एक रेडिओ. सकाळी साडेनऊला शटर वर गेलं की आधी उदबत्ती, मग रेडिओ, मग मशीन. दुकानात टीव्ही ठेवा म्हणून गिऱ्हाइकं सांगतात. ठेवला असता तर एव्हाना आमच्या बोटांची चाळण झाली असती. शिवताना डोळे कापडाला लागतात, कान मोकळे असतात. उद्यमबागेतला लेथवाला, खडेबाजारातला न्हावी, हॉटेलात कांदा चिरणारा पोरगा, रिक्षावाला, सगळ्यांचं तेच. तुमच्या आकडेवारीत आम्ही ‘श्रोते’ म्हणून कुठं तरी असणारच.

माझे वडील यंत्रमागावर होते. मागाच्या खडखडाटात रेडिओ काही ऐकू यायचा नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत लावायचे. काटा जरा इकडं सरकवला की सांगली, जरा तिकडं सरकवला की धारवाड. धारवाडचं केंद्र १९५० चं, सांगलीचं १९६३ चं. एकीकडं मराठी भक्तिगीतं, दुसरीकडं कन्नड भावगीतं. आमच्या घरात दोन्ही आपलीच होती, आजही आहेत. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाला एकदा आकाशवाणीचं बोलावणं आलं होतं. आधी ऑडिशन, मग रेकॉर्डिंग, मग बऱ्याच दिवसांनी मानधनाचा चेक. मंडळातल्या माणसांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला चहा-भजी येतील एवढाच. पण तो चेक तिकडून इकडं आला होता. रेडिओ गाणाऱ्याला पैसे देतो, हे मी लहानपणी असं डोळ्यांनी बघितलं. म्हणून पुढचं सांगताना मला अजून चमत्कारिक वाटतं.

माझा भाचा आणि त्याच्या दोस्तांनी गेल्या वर्षी गणपतीसाठी एक गाणं केलं. चाल त्यांची, शब्द त्यांचे, मधली दोन कडवी कन्नडमध्ये. एका लहान स्टुडिओत रेकॉर्ड केलं, पेनड्राइव्हवर घातलं आणि एका रेडिओ स्टेशनवर घेऊन गेले. स्टेशनचं नाव मी लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे आपोआप सोवळ्यात जातात. तिथला माणूस चांगला होता, चहा पाजला, गाणं पूर्ण ऐकलं. म्हणाला, “मस्त झालंय. रोटेशनला टाकूया. पॅकेज घ्या.” पॅकेज म्हणजे पंधरा दिवस, रोज तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी गाण्याआधी आरजे म्हणणार, “सध्या बेळगावकरांच्या ओठांवर असलेलं गाणं!” भाच्यानं विचारलं, “अजून कुणी ऐकलंच नाही, ओठांवर कसं येणार ओ?” त्यावर तो माणूस हसला. पोरांकडं एवढे पैसे नव्हते. मग दुसरी वाट दाखवली : “आमचा एक इव्हेंट आहे. तिथं तासभर फुकट वाजवा. मग बघू.” बिल, पावती काही मिळेल का, असं पोरानं सहज विचारलं. “बिल कशाला लागतंय?”

पोरांनी फुकट वाजवलं. ढोल, कीबोर्ड, टेम्पोचं भाडं, सगळं पदरचं. मोबदल्यात गाणं दोनदा लागलं. त्यातलं एकदा सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी आमच्या गल्लीत फक्त दूधवाला जागा असतो, आणि त्याच्या सायकलीला रेडिओ नाही.

ही झाली गाण्याची गोष्ट, आणि खरं सांगायचं तर नुसती तेवढीच असती तर मी पत्र लिहायला बसले नसते. पोरं आहेत, शिकतील. पण त्या दिवशी भाच्यानं त्या टेबलावर एक रेटकार्ड बघितलं. त्यावर स्पॉट, आरजे मेन्शन, बाहेरून थेट प्रक्षेपण अशा ओळी होत्या, प्रत्येकीपुढं दर होता, आणि खाली एक ओळ होती : ‘डॉक्टर टॉक शो, ३० मिनिटे’. घरी येऊन त्यानं ते सहज सांगितलं आणि माझ्या हातातली कात्री थांबली.

कारण आमची आक्का. आमच्या दुकानात सगळ्यांत जुनी, काजं-बटणं तिच्याकडं. रविवारी घरी ती एक आरोग्याचा कार्यक्रम न चुकता ऐकायची आणि सोमवारी दुकानात सगळा पाठ म्हणून दाखवायची. निवेदिका गोड आवाजात विचारणार, “डॉक्टर, गुडघेदुखीवर ऑपरेशनशिवाय उपाय आहे का?” डॉक्टर सांगणार, आहे. मग श्रोत्यांचे फोन. एकाला गुण आलेला, दुसरीला आलेला, तिसरी रडवेली होऊन आभार मानतेय. आक्काचा समज असा की रेडिओवाल्यांनी चार डॉक्टर बघून त्यातला हुशार निवडून आणला असणार. तिचंच कशाला, माझाही समज तोच होता. सांगली-धारवाडनं लावलेली सवय ती. रेडिओवर माणूस बोलायला येतो तो बोलावल्यामुळं, असंच आम्ही धरून चाललो. आक्का भिशीचे पैसे उचलून गेली. तीन खेपा झाल्या, पिशवीभर डबे आले. गुडघा आहे तिथंच आहे. गुण आला नाही हा त्या डॉक्टरांचा गुन्हा, असं मी म्हणत नाही. औषध कुणाला लागू पडतं, कुणाला नाही. पण ही अर्धा तासाची जागा डॉक्टरांनी विकत घेतलीय एवढं जर आक्काला माहीत असतं, तर भिशी उचलण्याआधी तिनं दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं. जाहिरात ऐकताना माणूस एक कान राखून ऐकतो. तो राखायची संधी तिला मिळाली नाही.

आता, त्या कार्यक्रमात तसं सांगत नाहीत असंही नाही हं. भाच्याला रेटकार्ड दिसल्यावर पुढच्या रविवारी आम्ही मुद्दाम कान देऊन ऐकलं. अगदी सुरुवातीला, संगीत चालू असताना, एक वाक्य घोड्यावर बसून निघून जातं, आणि तेही इंग्रजीत. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी तो एक माणूस धापा टाकत बोलतो ना, त्याचाच हा चुलतभाऊ. पुढचा अर्धा तास सगळी मराठी, मध्ये थोडी कन्नड. फोन मराठीत, सल्ला मराठीत, दवाखान्याचा पत्ता मराठीत दोनदा. पैशाची गोष्ट तेवढी इंग्रजीत.

माझा राग पैशावर नाही, हे आधीच सांगते. जुन्या लोकांना ‘बिनाका गीतमाला’ आठवत असेल. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर, अमीन सायानींचा आवाज. बिनाका म्हणजे दात घासायची पेस्ट. पेस्टवाल्यांचे पैसे आहेत हे कार्यक्रमाच्या नावातच होतं. कुणाची फसवणूक झाली? विविध भारतीवर १९६७ मध्ये मुंबई-पुणे-नागपूरला जाहिराती सुरू झाल्या, तेव्हाही जाहिरात ही जाहिरातीसारखीच वाजायची. वर्तमानपत्रात बातमीसारखी दिसणारी जाहिरात असेल तर वर बारीक अक्षरात का होईना ‘जाहिरात’ छापतात, नाही छापलं तर लोक त्याला पेड न्यूज म्हणून शिव्या घालतात. निवडणुकीत तर ही पेड न्यूज शोधायला जिल्ह्याजिल्ह्यात समिती बसते. म्हणजे पैसे घेऊन सांगितलेली गोष्ट आणि मनापासून सांगितलेली गोष्ट यातला फरक सरकारला कळतो. मतदारासाठी कळतो, आक्कासाठी नाही कळत.

भाच्यानं मला वाचायला पुष्कळ काढून दिलं. माझं बीकॉम झालंय, शिलाई नंतरची. त्यामुळं कागद वाचायचा कंटाळा नाही. अमेरिकेत या प्रकाराला एक नावच आहे, ‘पेओला’. १९५९-६० मध्ये तिथल्या संसदेपुढं याची जाहीर चौकशी झाली. रॉक-अँड-रोलचा त्या वेळचा सगळ्यांत गाजलेला निवेदक अ‍ॅलन फ्रीड त्यात नोकरीला मुकला. १९६० मध्ये कायदा सुधारला. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की पैसे घेणं हा गुन्हा नाही. घेतले हे प्रसारणाच्या वेळीच श्रोत्यांना न सांगणं हा गुन्हा. कुणी दिले तेही सांगायचं. शिवाय निवेदकानं परस्पर पाकीट घेतलं असेल तर त्यानं ते स्टेशनला कळवायलाच हवं, नाही तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड, वर्षापर्यंत कैद.

कायदा झाला म्हणून प्रकार थांबला असं मात्र नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी सोनी बीएमजी या कंपनीला धरलं, तिनं एक कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. २००७ मध्ये चार मोठ्या रेडिओ कंपन्यांनी तिथल्या दळणवळण आयोगाकडं मिळून सव्वा कोटी डॉलर भरले. त्या सोबत त्यांनी लहान, स्वतंत्र कलाकारांसाठी अर्ध्या-अर्ध्या तासाचे ८,४०० कार्यक्रम फुकट द्यायचं कबूल केलं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच आयोगानं स्टेशनांना पुन्हा एक तंबी दिली. कशाबद्दल? तर गाणं वाजवायचं आमिष दाखवून कलाकारांकडून फुकट कार्यक्रम करून घेण्याबद्दल. हे वाचून भाचा मोठ्यानं हसला. “मावशी, हे तर आमचंच!”

आपल्याकडं गंमत अजून उलटी आहे. अमेरिकेत साधा रेडिओ गाणाऱ्याला आणि रेकॉर्ड कंपनीला ध्वनिमुद्रणापोटी काही देतच नाही. आपल्याकडं द्यावं लागतं. २०१० मध्ये कॉपीराइट मंडळानं खासगी एफएमसाठी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरवला होता, पुढं दर बदलले, पण देणं आहेच. म्हणजे कायद्याच्या हिशेबात पैसा स्टेशनकडून गाण्याच्या मालकाकडं जायला हवा. माझ्या भाच्याच्या बाबतीत तो मालक म्हणजे भाचाच. आणि पॅकेज मागितलं कुणाकडं, तर त्याच्याकडं.

आता आपल्या कायद्याकडं येते, कारण पत्र तुम्हाला आहे, अमेरिकेला नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या आहे. प्रकाश, ध्वनी, धूर, वायू यांतून केलेली प्रसिद्धीसुद्धा त्यात येते. धुरातून जाहिरात कोण करतो मला माहीत नाही, पण कायदा करणाऱ्यानं धूरसुद्धा सोडला नाही याचं कौतुक वाटलं. मग ध्वनी तर आलाच, म्हणजे रेडिओ आला. जून २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. वस्तूची शिफारस करणारा आणि ती विकणारा यांच्यात श्रोत्याला सहज न कळणारं देण्याघेण्याचं नातं असेल तर ते पूर्ण उघड करा, असं त्यात आहे. खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, असंही आहे. दंड पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. याच तत्त्वांच्या धाकानं आज आमच्या टिळकवाडीतली रील करणारी पोरगीसुद्धा साडीच्या व्हिडिओवर ‘जाहिरात’ असं टाकते. फोनवर रील करणाऱ्या पोरीला जे कळतं, ते सरकारची रेडिओ-लहर वापरणाऱ्या स्टेशनला कळू नये?

सरकारची लहर मी मुद्दाम म्हणाले. खरं तर सरकारचीही नाही. सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात सांगितलंय की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. त्या निकालाच्या हिशेबानं आमच्या कपाटावरच्या त्या डब्यात येतं ते थोडं आक्काचंही आहे.

मग अडतंय कुठं? माझ्या समजुतीप्रमाणं दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे गाणं. डॉक्टरांचा कार्यक्रम हा शिफारस म्हणून पकडता येईल. पण पैसे घेऊन वाजवलेलं गाणं ही जाहिरात की कार्यक्रम? स्टेशनवाला म्हणणार, गाणं वाजवणं हा आमचा धंदाच आहे, त्यात जाहिरात कसली. “बेळगावकरांच्या ओठांवर” हे वाक्य मात्र धंद्यात बसत नाही, ते विकत घेतलेलं खोटं आहे. एवढा घोळ मिटवायला नवा कायदा नको. खासगी एफएमच्या परवानगीच्या करारात आणि सामुदायिक रेडिओच्या, म्हणजे संस्था-कॉलेजं आपल्या भागापुरता चालवतात त्या रेडिओच्या, करारात एक ओळ घाला : कोणतंही गाणं, मुलाखत, सल्ला किंवा उल्लेख पैसे, वस्तू किंवा फुकट सेवा घेऊन प्रसारित केला, तर त्या वेळी, त्याच भाषेत, सावकाश तसं सांगायचं. ‘फुकट सेवा’ हे शब्द गाळू नका, नाही तर सगळी पाकिटं उद्या इव्हेंट होतील. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांना मंजुरी दिली. त्यांचे करार व्हायचे तेव्हा ही ओळ आत असू दे. ब्लाउज शिवल्यावर अस्तर लावता येत नाही.

दुसरं म्हणजे तपासणी. इथं तुमच्या हातात आयतं साधन आहे आणि ते तुम्ही वापरत नाही, म्हणून थोडं रागानं लिहिते. गेल्या तीन महिन्यांच्या प्रसारणाचं रेकॉर्डिंग जपून ठेवणं स्टेशनांना बंधनकारक आहे. काय वाजलं याची लॉगशीट असते. जाहिरातदाराची आरओ, म्हणजे जाहिरात लावायची लेखी ऑर्डर, असते, बिल असतं, जीएसटी असतो. वर्षातून एकदा कुठल्याही चार स्टेशनांचा कुठलाही एक आठवडा उचला. लॉग एका हातात, बिलं दुसऱ्या हातात, रेकॉर्डिंग कानात. ज्याचं बिल आहे पण हवेत सांगितलेलं नाही, ते तिथंच सापडेल. ज्याचं बिलच नाही पण दिवसातून आठदा वाजलं, त्याचं कारण विचारा. एखादा आरजे म्हणेल, मला आवडतं म्हणून वाजवलं. म्हणू दे, आवडू शकतं. पण एका कंपनीचीच सगळी गाणी एका माणसाला एकाच आठवड्यात आवडायला लागली, तर आम्ही बायकासुद्धा भुवई वर करतो.

खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात दिवसाच्या प्रसारणात किमान २० टक्के स्थानिक मजकूर हवा असं आहे. त्यातला किती विकलेला असतो, हे याच तपासणीत कळेल. आमच्या भागात ‘स्थानिक’ म्हणजे येळ्ळूरचं भजन, खानापूरकडचं लोकगीत, निपाणीतल्या पोराचा रॅप, आणि तेवढंच गोकाक-हुक्केरीकडचं कन्नड जनपद, म्हणजे लोकगीत. त्या जागेवर दागिन्यांच्या दुकानाची मुलाखत बसवली आणि ‘लोकल’ म्हणून मोजली, तर भाच्यासारख्यांना सहा वाजून दहा मिनिटंच उरणार.

स्टेशनवाल्यांची बाजू मला कळते. लहान स्टेशनं कशीबशी चालतात, आरजेचा पगार आमच्या काजं-बटणांपेक्षा फार वर नसतो. सामुदायिक रेडिओला तासाला १२ मिनिटं जाहिरात करायची मुभा २०२४ मध्ये मिळाली, आधी ती ७ होती. आणखी वाढवून द्या हवी तर, माझी ना नाही. जाहिरातीच्या वेळात आम्ही धागा भरतो, पाणी पितो. दोन मिनिटं जास्त लागली तर कुणाचं बिघडतंय? बिघडतं ते जाहिरात गाण्याचा आणि सल्ल्याचा पदर घेऊन आत येते तेव्हा.

आणि एक सीमाभागाची गोष्ट. आमच्याकडं कुठल्याही तक्रारीला पहिला प्रश्न असतो, हे बेंगळुरूचं काम की मुंबईचं. निपाणी-चिकोडीकडं कोल्हापूरची एफएम लागते, स्टेशन महाराष्ट्रातलं आणि कान कर्नाटकातला. तक्रार करायची कुणाकडं? तर या बाबतीत तो वादच नाही. प्रसारण हा राज्यघटनेत केंद्राचा विषय आहे, संघसूचीत ३१ व्या क्रमांकावर. आणि ग्राहक कायद्यानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडंही देता येते, ते चौकशी करून अहवाल देऊ शकतात. म्हणून या पत्राची प्रत आमच्या डीसी ऑफिसला दिली आहे. तिथल्या खिडकीवर अर्ज मराठीत घेतील का, हा वेगळा विषय, त्यात आज शिरत नाही. आक्कानं कन्नडमध्ये एक प्रत काढून ठेवलीय. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

शेवटी एक कामाची गोष्ट. आमच्या दुकानात मापाची वही असते. तिच्या मागच्या पानांवर आम्ही चौघींनी पाळी लावून लिहायला सुरुवात केली : तारीख, वेळ, स्टेशन, कोणतं गाणं, आधी आरजे काय म्हणाला, जाहिरात असं सांगितलं का, कोणत्या भाषेत. तेरा पानं झाली आहेत. मध्ये मध्ये छाती-कंबरेची मापं आहेत, तेवढी झाकून झेरॉक्स पाठवू. पहिली नोंद दोन महिने वीस दिवसांपूर्वीची आहे आणि रेकॉर्डिंग ठेवायची मुदत तीन महिन्यांची. स्टेशनांकडून ते मागवून घ्यायला तुमच्याकडं दहा दिवस आहेत.

कळावे,
आपली,
खासबाग, बेळगाव येथील एक शिलाईवाली
(आणि तिच्या दुकानातल्या तिघी)